पाठीमागचा पहारेकरी

सायकलवाल्याला समोरचा खड्डा दिसतो, मागून येणारा ट्रक दिसत नाही. तो फक्त ऐकू येतो. वारा समोरून असला की तेही धड होत नाही. त्यातून माझ्यासारखा पन्नाशी ओलांडलेला माणूस असेल, तर कानांवर किती भिस्त ठेवायची? म्हणून आज सीटखाली बसणाऱ्या छोट्या रडारविषयी बोलू या.

दिसायला तो मागचा लाल दिवाच. पण आतून तो रेडिओलहरी मागे सोडतो. वाहनावर आपटून परत आलेल्या लहरींवरून वाहन किती दूर आहे आणि किती वेगानं जवळ येतंय, ते त्याला कळतं. हँडलवरचं यंत्र किंवा मोबाइल ‘टिंग’ करून ते आपल्याला सांगतो. गार्मिन कंपनीनं २०१५ साली असं रडार बाजारात आणलं. पुढे ब्रायटन, मॅजीन यांचीही आली.

निवडताना पहिला प्रश्न अंतराचा. गार्मिनच्या २०२० सालच्या मॉडेलचा पल्ला १४० मीटर आहे. आपण ताशी २० किलोमीटरनं चाललोय आणि मागची मोटार ८० नं येतेय, असं धरा. फरक ६० चा, म्हणजे हाती साधारण आठ सेकंद. खड्डा चुकवायला उजवीकडे जायचं की थांबायचं, हे ठरवायला तेवढी पुरतात.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. याच मॉडेलचा दिवा सतत पेटता ठेवला तर सहा तास चालतो, दिवसा लुकलुकता ठेवला तर सोळा. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. तेव्हा आपली फेरी किती तासांची, ते आधी मोजा.

तिसरी गोष्ट जागेची. कॅरिअरवर पिशवी किंवा डबा बांधत असाल, तर रडारचं तोंड झाकलं जाईल. दुकानात आपली सायकल घेऊनच जा आणि बसवून बघा. इशाऱ्याचा आवाज रहदारीत ऐकू येतो का, हेही तिथेच तपासा.

आता मर्यादा. वळणाआडचं वाहन रडारला दिसत नाही. आपल्याच वेगानं मागे चाललेली गाडी त्याच्या नजरेतून सुटू शकते. उलट्या दिशेनं समोरून येणाऱ्याशी त्याचा संबंधच नाही. आणि गर्दीच्या रस्त्यावर ते इतकं वाजतं, की थोड्याच वेळात आपण त्याकडे लक्ष देणं सोडतो. शहरातच फिरणार असाल, तर हँडलला आरसा लावा. तो बराच स्वस्त पडतो. मोकळ्या हमरस्त्यावर नेहमी जाणाऱ्यानं मात्र रडारचा जरूर विचार करावा.

एवढं ध्यानात ठेवा : मागून कुणी येतंय, इतकंच रडार सांगतं. तो आपल्याला किती जागा सोडून पुढे जाईल, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ‘टिंग’ झालं की सरळ रेषेत चाला, आणि वळण्यापूर्वी मान वळवून एकदा बघाच. रडार गप्प असलं, तरीही.