रनवे का लुकलुकतो?

फ्लाइट सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. लांबचा रनवे लुकलुकतो, त्यावरचे पट्टे पुसट होतात, वळताना चित्र मधूनच फाटतं. मग हॉस्टेलवर एकच सल्ला मिळतो, "ग्राफिक्स कार्ड बदल!" पण हजारो रुपये घालवण्याआधी जरा थांबा. या प्रत्येक तक्रारीचं कारण वेगळं आहे आणि बऱ्याचदा इलाज फुकटात होतो.

आधी लुकलुकणं घेऊ. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे ठरवायला कार्ड प्रत्येक पिक्सेलची खोली डेप्थ बफरमध्ये नोंदवतं. बफर २४ बिटांचा असेल तर १,६७,७७,२१६ पायऱ्या मिळतात. भरपूर वाटतात ना? पण नेहमीच्या पद्धतीत त्या समान अंतरावर नसतात. चित्र कॅमेऱ्यापासून १ मीटरवर सुरू होत असेल, तर निम्म्या पायऱ्या १ ते २ मीटरच्या टप्प्यातच संपतात! १० किलोमीटरवर एकेक पायरी सुमारे ६ मीटरची होते. जमीन आणि तिच्यावर जेमतेम उचलून ठेवलेला रनवे एकाच पायरीत आले, की कॅमेरा हलताना कधी जमीन वर दिसते, कधी रनवे. यालाच झेड-फायटिंग म्हणतात. अशा वेळी मी आधी एकाच विमानतळाच्या दोन सीनरी एकावर एक बसल्या आहेत का, ते बघतो. असतील तर एक बंद करायची.

आता पुसट पट्टे. मुंबईच्या २७ नंबरच्या रनवेवर ३ अंशांच्या उताराने येताना रनवे खूप तिरका दिसतो. एका पिक्सेलमध्ये येणारा त्याचा तुकडा रुंदीच्या साधारण १९ पट लांब असतो. साधं फिल्टरिंग लांबीच्या हिशोबाने टेक्श्चर निवडतं, त्यामुळे रुंदीतले बारकावेही जातात. अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६एक्स केलं, की पट्टे स्पष्ट होतात. आजच्या कार्डांवर याचा भार फारसा पडत नाही.

चित्र फाटतं त्याची गंमत वेगळीच. ६० हर्ट्झचा मॉनिटर १६.७ मिलिसेकंदांत एक चित्र वरून खाली रंगवतो. मध्येच नवी फ्रेम आली, की वरचा भाग जुना आणि खालचा नवा! व्ही-सिंक चालू केलं की हे थांबतं. मात्र कार्डाला फ्रेम वेळेत जमली नाही, तर चित्र अडखळू शकतं.

आणि मुळातच सगळं अडखळत असेल तर? इथेच नव्या कार्डाचा फैसला होतो. रेझोल्यूशन निम्मं करून बघा. फ्रेम रेट वाढला तर कार्ड कमी पडतंय. काहीच फरक पडला नाही तर बहुधा प्रोसेसर दमलाय. मग रहदारी आणि इमारतींची संख्या कमी करा. नवं कार्ड घेऊन उपयोग नाही. २००६ साली आलेलं फ्लाइट सिम्युलेटर एक्स तर प्रोसेसरवरच जास्त अवलंबून आहे. त्यात सेटिंग्जचा फारच गोंधळ झाला असेल तर एफएसएक्स डॉट सीएफजी या फाइलचं नाव बदलून ठेवा. सिम्युलेटर पुढच्या वेळी नवी फाइल स्वतःच तयार करतो.

पण रंगीबेरंगी ठिपके कॉम्प्युटर चालू होतानाच, बायोसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर सेटिंग्जशी झटापट करू नका. केबल बदलून बघा, दुसरा मॉनिटर लावून बघा. तरीही ठिपके राहिले तरच कार्डावर संशय घ्या.

शेवटी माझा एक नियम सांगतो. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, तोच विमानतळ आणि तेच हवामान ठेवायचं, आणि आधीचा-नंतरचा आकडा वहीत लिहायचा. लॅबमध्ये रीडिंग घेतो ना, अगदी तसंच!