जुनी गाडी, कच्चं बिल

वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायला दहा हजार रुपये लागणार, ही बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ‘एवढ्यात तर गाडीच येईल’ असं कुणीतरी लिहिलं आणि त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी हसलो नाही. माझी अल्टो २००५ ची आहे. २०२० मध्ये तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा नूतनीकरणाची फी होती सहाशे रुपये. एप्रिल २०२२ मध्ये तिचे पाच हजार झाले आणि आता वीस वर्षांपुढच्या गाड्यांना दहा हजार.

फी अन्यायाची की पर्यावरणाच्या भल्याची, यावर बरंच छापून आलंय. मला बोलायचंय ते फी भरून गाडी ठेवायचीच असं ठरवणाऱ्यांशी. फीचा आकडा निदान आधी कळतो. गाडी रस्त्यात बंद पडली की विमा कंपनीची ‘रोडसाइड असिस्टन्स’ धावून येईल या भरवशाचं काय होतं, ते रस्त्यातच कळतं.

मे महिन्यात वाईला मुंजीला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर काटा लाल पट्ट्याकडे सरकला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली, गाडी कडेला घेतली. हेल्पलाइनला फोन केला. ‘सर, जवळचा लँडमार्क सांगा.’ घाटात लँडमार्क कसला, पुढे वळण आणि मागे वळण. अडीच तासांनी क्रेन आली आणि आम्हाला टोचन करून वाईच्या एका गॅरेजात सोडून गेली. एक पैसा पडला नाही. मी मुंजीत सगळ्यांना या सेवेची जाहिरात करत फिरलो.

जून महिन्यात नवले पुलाच्या कोंडीत काटा पुन्हा वर. पुन्हा फोन. या वेळी पलीकडच्या मुलीने थोडं थांबून विचारलं, ‘सर, मागच्या महिन्यातही ओव्हरहीटिंगच होतं. तेव्हाच्या रिपेअरचं बिल आहे का?’ बिल नव्हतं. वाईच्या गॅरेजवाल्याने तात्पुरतं बांधून दिलं होतं आणि पुण्यात आमच्या मिस्त्रींनी पक्कं काम केलं होतं, तेही रोखीने, कागदाशिवाय. योजनेच्या अटींत लिहिलेलं होतं की आधी कळलेला बिघाड दुरुस्त न करता गाडी चालवली आणि ती त्याच कारणाने पुन्हा बंद पडली, तर सेवा मिळणार नाही. माझं म्हणणं खरं होतं. तिच्या पडद्यावरची नोंदही खरीच होती. क्रेनचे पैसे मी भरले.

गंमत म्हणजे दोन्ही बिघाड वेगळे होते. हे मला मिस्त्रींनी समजावलं. सिंहगड रस्त्यामागच्या एका गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड आहे आणि अल्टो, एट हंड्रेड, झेन, सँट्रो या घराण्यांची नाडी त्यांना बोटांनी कळते. घाटात फुटला होता तो रेडिएटरचा वरचा होज. त्यांनी जुना होज माझ्या हातात दिला. ‘दाबून बघा साहेब.’ मधला भाग टणक होता, पण क्लिपजवळची दोन बोटं जागा पिकल्या केळ्यासारखी मऊ लागली आणि आतून पापुद्रे सुटलेले. चढावर इंजिनावर ताण येतो, पाणी तापतं, दाब वाढतो आणि रबर तिथेच हार मानतं. नवले पुलावर होज शाबूत होता, रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता. गाडी पळत असताना वारा पंख्याचं काम करतो, त्यामुळे मेलेल्या पंख्याचा पत्ता लागत नाही. कोंडीत उभं राहिलं की सापडतो. चढावर फुटला तर होज, सिग्नलला तापली तर पंखा, हा मिस्त्रींचा ठोकताळा. हेल्पलाइनच्या यादीत मात्र दोन्हीला एकच शब्द आहे.

‘आणि नळाचं पाणी ओतत जाऊ नका,’ हे त्यांनी मला मोजून तीन वेळा ऐकवलं. कूलंटमध्ये गंज रोखणारं रसायन असतं. नळाच्या पाण्याने आत खार धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. रेडिएटरचं झाकणसुद्धा नुसतं झाकण नव्हे. ते आत दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्याची रबरी चकती झिजली की सगळा हिशेब बिघडतो. कुठल्याही सर्व्हिसिंगमध्ये या झाकणाकडे कुणी बघताना मी तरी पाहिलं नाही. गाडी धुतात मात्र चकाचक.

आता विम्याच्या कागदाकडे येऊ. आपल्याकडच्या मोटार पॅकेज पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड वगळलेलाच असतो, म्हणजे बंद पडलेलं इंजिन दुरुस्त करून देणं हे विमा कंपनीचं काम नाहीच. त्याच कागदावर पुढे अटींमध्ये एक कलम आहे. गाडी सुस्थितीत राखायची जबाबदारी मालकाची. बिघाड झाल्यावर दुरुस्ती न करता ती तशीच हाकली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. ‘काटा लाल झाला होता, पण घाट उतरेपर्यंत दामटली’ हे वाक्य मित्रांत शौर्याचं वाटतं. दाव्याच्या अर्जात ते लिहून बघा.

रोडसाइड असिस्टन्स हे वेगळं जोडकलम, वर्षाला काही शे रुपयांचं. पंक्चर, बॅटरीला जंप-स्टार्ट, दोनचार लिटर पेट्रोल, आत राहिलेली किल्ली आणि ठरावीक किलोमीटरपर्यंत टोचन. वर्षात किती वेळा बोलवायचं याला मर्यादा असते, आणि सुट्या भागांची किंमत आपलीच. मी याला टोचनची वर्गणी म्हणतो. वर्गणी म्हणून ती स्वस्तच आहे. पण जुन्या स्वस्त गाडीचा मालक बहुधा फक्त थर्ड पार्टी काढतो (हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी) आणि हे जोडकलम सहसा पूर्ण पॉलिसीलाच चिकटवता येतं. म्हणजे ज्याची गाडी बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यालाच ते मिळत नाही. त्याने स्वतंत्र योजना शोधाव्यात. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही चर्चगेटची संस्था १९१९ पासून आहे, सभासदांना रस्त्यावरची मदत देते, आणि तिचं नाव आजच्या तिशीतल्या गाडीमालकांनी ऐकलेलंही नसतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, त्याला पॉलिसी लागत नाही.

मग ई-ट्वेंटीचं काय, हा प्रश्न येणारच. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचा विमा रद्द होतो अशी आवई उठली, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की विम्याच्या वैधतेवर त्याचा काही परिणाम नाही. त्यावर मी विश्वास ठेवतो. पण काही जुन्या गाड्यांत वीसतीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केटं बदलावी लागू शकतात, ते काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये स्वस्तात होतं, हेही त्याच मंत्रालयाचं म्हणणं. स्वस्तात होत असेल. पण ते झालं याचा पुरावा कोण ठेवणार? पेट्रोल सरकारच्या धोरणाचं आणि रबराची नोंद मालकाने ठेवायची, ही विभागणी मला काही फार न्यायाची वाटत नाही.

आणि इथे आपला सगळ्यांचा लाडका संवाद येतो. ‘बिल पाहिजे का? मग अठरा टक्के लागतील.’ आपण लगबगीने नको म्हणतो. खरं तर वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या कारागिराला जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही, आणि नोंदणी नसलेल्याला तो कर लावता येत नाही. त्याने साध्या छापील पावतीवर तारीख, गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग आणि बदललेल्या भागांची नावं लिहून सही केली तरी तो कागद झाला. अधिकृत वर्कशॉपचंच बिल हवं हा बागुलबुवा वॉरंटीतल्या नव्या गाडीचा. वीस वर्षांच्या अल्टोला कसली वॉरंटी?

विमा नियामकाने जून २०२४ च्या परिपत्रकात कागदपत्रं नाहीत म्हणून दावा नाकारू नये असं बजावलंय, आणि तक्रारीसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे. पण नवले पुलाखाली, मागे हॉर्न वाजत असताना, लोकपाल आठवत नाही. पावतीचा फोटो फोनमध्ये असला तर तो सापडतो.

मिस्त्रींकडे नोंद नव्हती असं मात्र नाही. एअर फिल्टरच्या काळ्या डब्यावर पांढऱ्या मार्करने लिहिलेले आकडे आहेत, ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला. माझ्या गाडीच्या डब्यावर पाच ओळी आहेत आणि सर्वांत खाली ‘बेल्ट’ असं लिहून पुढे रीडिंग. तो टायमिंग बेल्ट. जुन्या आठशे सीसी अल्टोला साखळी नसते, पट्टा असतो, आणि लाखभर किलोमीटरनंतर तो बदलायचा असतो. तुटला की जिथे आहात तिथे इंजिन गप्प. माझा आतापर्यंत तुटलेला नाही, तो या पांढऱ्या अक्षरांमुळे.

नोंदणीच्या तपासणीआधी गाडी त्यांच्याकडे सोडली तेव्हा मी पावती मागितली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वीस वर्षांनी मी त्यांना आधार कार्ड मागतोय. मग पोराला पाठवून स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणवलं. पहिल्या पावतीवर माझं नाव चुकीचं, गाडीचा नंबर बरोबर. होज, झाकण, पंख्याची मोटर, बेल्ट, सगळं एका खाली एक. लिहून झाल्यावर ते उठले आणि मार्कर घेऊन डब्यावरही सहावी ओळ लिहिली.