तीन दले, एक आदेश : एकात्मिक थिएटर कमांडची संकल्पना

युद्धप्रसंगी एखाद्या सीमेवरील भूदल, नौदल आणि हवाई दल यांना आदेश देणारा सेनापती एकच असावा, या तत्त्वावर भारतीय सैन्यदलांच्या फेररचनेची प्रक्रिया २०२० मध्ये हाती घेण्यात आली. ही रचना ‘एकात्मिक थिएटर कमांड’ या नावाने ओळखली जाते.

या प्रक्रियेच्या प्रारंभी देशात तिन्ही दलांच्या मिळून १७ स्वतंत्र कमांड होत्या. त्यांपैकी भूदल आणि हवाई दलाच्या प्रत्येकी ७, तर नौदलाच्या ३ होत्या. पश्चिम कमांड तिन्ही दलांत आहे; मात्र भूदलाच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय चंडीमंदिर येथे, हवाई दलाच्या कमांडचे दिल्लीत आणि नौदलाच्या कमांडचे मुंबईत वसविण्यात आले. नाव समान असले तरी त्यांची कार्यक्षेत्रे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय स्वतंत्र कमांडच्या रचनेत एका दलाचा सेनापती दुसऱ्या दलाला आदेश देऊ शकत नाही. संयुक्त कारवाईसाठी परस्पर विनंती आणि सहमती यांवरच अवलंबून राहावे लागते.

या त्रुटीची तीव्र जाणीव कारगिल युद्धाने करून दिली. मे १९९९ च्या प्रारंभी घुसखोरी उघडकीस आली. हवाई दलाची ‘सफेद सागर’ मोहीम मात्र २६ मे रोजी सुरू झाली. मधल्या काळात हेलिकॉप्टरच्या वापराबाबत दोन्ही दलांत मतभेद झाल्याचे तत्कालीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांनीच पुढे जाहीरपणे मांडले. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संरक्षण व्यवस्थेचा आढावा घेतला. मंत्रिगटाच्या शिफारशींनंतर २००१ मध्ये एकात्मिक संरक्षण मुख्यालय आणि अंदमान-निकोबार ही पहिली संयुक्त कमांड स्थापन झाली. संरक्षण दल प्रमुख हे पद निर्माण होण्यास मात्र २०१९ चा डिसेंबर उजाडला. जनरल बिपिन रावत यांनी १ जानेवारी २०२० रोजी या पदाची सूत्रे स्वीकारली.

नव्या संकल्पनेत दोन जबाबदाऱ्या वेगळ्या केल्या जातात. सैन्याची उभारणी, प्रशिक्षण आणि शस्त्रसज्जता हे काम त्या त्या दलाच्या प्रमुखाकडे राहते. प्रत्यक्ष युद्धाचे संचालन थिएटर कमांडरकडे येते. त्याच्या मुख्यालयात तिन्ही दलांचे अधिकारी एकत्र बसून योजना आखतात. चर्चेतील आराखड्यात पाकिस्तानची सीमा, चीनची सीमा आणि सागरी क्षेत्र यांसाठी तीन थिएटर सुचविण्यात आली आहेत.

संयुक्त मुख्यालय चालविण्यात कायद्याचीही अडचण होती. प्रत्येक दलाचा शिस्तविषयक कायदा स्वतंत्र असल्याने संयुक्त कमांडच्या प्रमुखाला अन्य दलांच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करता येत नसे. संबंधिताला त्याच्या मूळ दलाकडे परत पाठवावे लागे. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या आणि १० मे २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने हा अधिकार संयुक्त प्रमुखाला दिला.

तथापि, या फेररचनेबाबत तिन्ही दलांत एकमत होणे सोपे ठरलेले नाही. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर असताना प्रत्यक्षातील संख्या त्याहून बरीच कमी आहे. मर्यादित विमाने थिएटरनिहाय विभागल्यास एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर ती तातडीने वळविण्याची लवचीकता कमी होईल, असा आक्षेप घेतला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथील परिसंवादात हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी घाई न करण्याचा सल्ला दिला आणि दिल्लीत संयुक्त नियोजन केंद्र स्थापण्याचा पर्याय सुचविला. समर्थकांचा रोख मात्र सीमेपलीकडील वास्तवाकडे आहे. चीनने फेब्रुवारी २०१६ मध्ये ७ लष्करी विभागांच्या जागी ५ थिएटर कमांड स्थापन केल्या आणि भारतालगतची संपूर्ण सीमा त्यांपैकी एकाच, पश्चिम थिएटर कमांडकडे सोपविली.

त्यामुळे मुख्यालयांची संख्या किती असावी, हा या चर्चेतील दुय्यम प्रश्न ठरतो. संकटाच्या पहिल्या काही तासांत निर्णय कोण घेणार आणि अपुरी साधने कोणत्या सीमेवर प्रथम पाठविली जाणार, या प्रश्नांची शांततेच्या काळातच मिळणारी स्पष्ट उत्तरे हीच या फेररचनेची खरी कसोटी आहे.