टेराफ्लॉप खांडबाऱ्यात कसे मोजायचे?

‘पीएस ५ घेऊ की एक्सबॉक्स?’ तुझं संशोधन कशावर आहे, यापेक्षा हा प्रश्न मला जास्त वेळा विचारला जातो. गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर एकच आहे. यंत्र किती चांगलं, हे ते कुठे वापरलं जातं यावर ठरतं.

आधी कागदावरची तुलना बघू. सोनीचं पीएस ५ ग्राफिक्सच्या ताकदीत १०.२८ टेराफ्लॉपचं. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एस ४ टेराफ्लॉपचं. भारतात आले तेव्हा डिस्कवालं पीएस ५ होतं ४९,९९० रुपयांना, सिरीज एस ३४,९९० ला. म्हणजे पंधरा हजार जास्त टाकले की अडीचपट ताकद. सोपं वाटतं ना?

आता हाच हिशोब खांडबाऱ्यातल्या एखाद्या घरात मांडून बघा. समजा टीव्ही ३२ इंची, साधा एचडी. नेट १० एमबीपीएस. लाइट मधूनमधून जाते.

पहिली गोष्ट टीव्हीची. पीएस ५ ची बरीचशी ताकद ४के चित्र काढण्यात खर्च होते. या टीव्हीवर ती दिसणारच नाही. अडीचपटीतला मोठा भाग इथेच गळाला.

दुसरी गोष्ट नेटची. सिरीज एसमध्ये डिस्क टाकायची सोयच नाही, प्रत्येक गेम डाउनलोड करावा लागतो. ६० जीबीचा गेम म्हणजे ४,८०,००० मेगाबिट. भागिले १०, म्हणजे ४८,००० सेकंद, सव्वातेरा तास. तेही वेग एकदाही पडला नाही तर! आणि ‘स्वस्त’ यंत्राचा हा खर्च किमतीच्या पाटीवर कुठेच लिहिलेला नसतो. पीएस ५ च्या डिस्कलाही अपडेट लागतातच, पण डिस्क मित्राला देता येते, खेळून झाली की विकता येते. डाउनलोड केलेला गेम तसा विकता येत नाही.

तिसरी गोष्ट लाइटची. जड गेम चालू असताना पीएस ५ सुमारे २०० वॅट खातं, शिवाय टीव्हीचे वेगळे. घरच्या इन्व्हर्टरला विचारून बघा! इथे शर्यतीत तिसराच भिडू पुढे येतो, २०१७ चं निन्टेंडो स्विच. ताकदीत तो या दोघांच्या जवळपासही नाही. पण स्वतःचा पडदा, स्वतःची बॅटरी आणि गेम छोट्या कार्डावर. लाइट गेली तरी खेळ चालू. मग त्याचा दुबळेपणा कुठे? भारतात त्याचं अधिकृत वितरण झालं नाही. बिघडलं तर कंपनीचं दार ठोठावता येत नाही.

हे नवीन नाहीये. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने भारतात सेगाचं मेगा ड्राइव्ह आणलं, १८,००० रुपयांना. १६ बिटचं, ६४ केबी मेमरीचं. पण आपल्याकडे घराघरांत दिसला तो ८ बिटचा ‘टीव्ही गेम’, म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल, मूळ मेमरी फक्त २ केबी. फॅमिकॉममध्ये परक्या कॅसेट अडवणारी चिप नव्हती, त्यामुळे नकला आणि ‘अमुक-इन-वन’ कॅसेट सहज बनल्या. यंत्र स्वस्त, कॅसेट स्वस्त आणि शेजाऱ्याची कॅसेट आपल्याकडे चालायची. ताकदवान यंत्र मागे पडलं.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांवरून नाही, वापरावरून लिहा, असं त्यांचं म्हणणं. शोधांची यादी केली तर मेगा ड्राइव्ह वर येतं. वापराची केली तर नक्कल.

याचा अर्थ टेराफ्लॉप खोटे आहेत असा नाही. मोठा ४के टीव्ही आणि सुरतेतलं फायबर असेल, तर पीएस ५ चा आकडा खराच ठरतो. आकडा तोच, घर बदललं.

म्हणून ‘कोणता घेऊ?’ विचारणाऱ्याला मी उलट चार प्रश्न विचारते. नेटचा वेग किती? टीव्ही केवढा? लाइट गेल्यावर काय? आणि ओळखीत कोणाकडे कोणतं यंत्र आहे? चौथा प्रश्न सगळे हसण्यावारी नेतात. पण एवढ्या पैशाचं यंत्र दोन गेमवर अडकून राहणार की वर्षभर नवं काहीतरी चालणार, हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.