कोपऱ्यातली फुली

संगणकाच्या पडद्यावर उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात तीन बारीक चिन्हे असतात. एक आडवी रेघ, एक चौकोन आणि एक फुली. रेघेने खिडकी खाली जाऊन बसते, चौकोनाने पडदाभर पसरते आणि फुलीने नाहीशी होते. ॲपलचा संगणक घरी असेल, तर हीच तिन्ही कामे डाव्या कोपऱ्यातले तांबडे, पिवळे आणि हिरवे ठिपके करतात. या चिन्हांकडे आपण कधी निरखून पाहत नाही. दाराच्या कडीकडे तरी कोण पाहतो? पण कडीची जागा कुणी बदलली, की अंधारात हात चाचपडू लागतो आणि मग घरात बोलाचाली होते.

संगणकाच्या जगात अशी बोलाचाली गेली चाळीस वर्षे चालू आहे. १९८४ साली मॅकिंटॉश आला, तेव्हा खिडकी बंद करण्याची चौकट डावीकडे होती. पुढे मोठी करण्याची चौकट आली, ती उजव्या टोकाला. विंडोज ३.१ मध्येही, म्हणजे १९९२ साली, बंद करण्याचा मार्ग डावीकडूनच जाई. तिथे एका राखाडी चौकटीत आडवी पट्टी असे आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारली, की खिडकी मिटे. ती पट्टी म्हणजे कळफलकावरच्या स्पेसबारचे चित्र, कारण ऑल्ट आणि स्पेसबार एकदम दाबले की तिथली यादी उघडत असे. हे नवख्या माणसाला कळायचे कसे, हा प्रश्न बहुधा कुणाला पडलाच नव्हता. मग ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि उजव्या कोपऱ्यात सरळ फुलीच मारून ठेवली. फुली सर्वांना समजते. गणिताच्या वहीत मास्तर तीच मारत आले आहेत.

समजण्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा झाली. मात्र तिच्या पोटात एक घोटाळाही शिरला. फुली चौकोनाला अगदी खेटून बसली. खिडकी मोठी करणे हे निरुपद्रवी काम आणि खिडकी मिटणे हे प्रसंगी हातातले सगळे घालवणारे काम. या दोहोंत अंतर जेमतेम एका नखाचे. स्टीव्ह जॉब्ज यांनी १९८८ साली नेक्स्ट नावाचा संगणक जगापुढे ठेवला. त्यातही फुली उजवीकडेच होती, पण खिडकी लहान करण्याचे बटण पार दुसऱ्या टोकाला, डावीकडे होते. ते शहाणपण पुढे त्यांच्याच ॲपलमध्ये टिकले नाही. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये तिन्ही ठिपके एका ओळीत आले, तेही तांबड्या-हिरव्या रंगांत. युरोपीय वंशाच्या दर बारा पुरुषांत साधारण एकाला या दोन रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. माऊसचा बाण जवळ नेल्याशिवाय ठिपक्यांवरच्या खुणाही दिसत नाहीत.

पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला होता. एखाद्या जागी हात पोहोचायला लागणारा वेळ त्या जागेचे अंतर आणि तिचा आकार यांवर ठरतो. संगणकावर या नियमाचा एक मजेदार परिणाम होतो. पडद्याचे चार कोपरे गाठणे सर्वांत सोपे, कारण माऊस कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्यात अडकून थांबतो, पलीकडे जातच नाही. आता पडदाभर पसरलेल्या खिडकीची फुली कुठे असते, ते पाहा. बरोबर कोपऱ्यात. सर्वांत सोपी जागा आपण सर्वांत धोक्याच्या बटणाला देऊन बसलो आहोत. तिजोरीची किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला टांगावी, तसा हा प्रकार.

जागा बदलण्याचे प्रयोगही झाले. उबुंटूने एप्रिल २०१० मध्ये तिन्ही बटणे उचलून डावीकडे नेली आणि २०१७ साली पुन्हा उजवीकडे आणली. जीनोमच्या मंडळींनी २०११ साली रेघ आणि चौकोन काढूनच टाकले. २०१२ च्या विंडोज ८ मधल्या नव्या धर्तीच्या प्रोग्रामांत तर फुलीच नव्हती. खिडकीची वरची कडा धरून ती पडद्याच्या तळापर्यंत ओढत न्यायची. लोक गोंधळले आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये फुली निमूटपणे परत आली. या सगळ्या उलाढालीत वाद झाला तो डावे की उजवे, असावे की नसावे एवढाच. ‘बंद करणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

मी बँकेत तीस-एक वर्षे काढली, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. आमच्याकडे ‘बंद’ या शब्दाचे निदान तीन अर्थ होते. रोखपाल जेवायला उठताना ‘खिडकी बंद’ अशी पाटी लावी. बँक चालूच असे. संध्याकाळी हिशेब जुळला, की दिवस बंद होई. खाती जागच्या जागी असत. आणि खाते बंद करणे हा तिसराच विधी. त्यासाठी खातेदाराचा अर्ज हवा, उरलेले चेक परत हवेत, पासबुकावर शिक्का हवा, अधिकाऱ्याची सही हवी. पाटी लावायला सही लागत नसे आणि सहीशिवाय खाते मिटत नसे. कामाचे वजन जेवढे, तेवढीच त्याची वाट लांब.

संगणकाची फुली हे तिन्ही अर्थ एकाच टिचकीत कोंबते. मॅकवर तांबडा ठिपका दाबला, तर बहुतेक प्रोग्राम चालूच राहतात, फक्त खिडकी मिटते. हा आमचा रोखपाल. विंडोजवर शेवटची खिडकी मिटली, की सहसा प्रोग्रामही गुंडाळला जातो. शिवाय कधी कधी फुली दाबूनही तो पडद्याच्या तळाशी घड्याळाशेजारी लपून जागाच राहतो, ते वेगळेच.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक निवृत्त शिक्षिका येत. त्यांना सगळेच बाई म्हणत. पंधरा-एक वर्षांपूर्वी त्या माहेरच्या आठवणी संगणकावर लिहीत होत्या. एका दुपारी सात पाने झाली आणि त्यांनी फुली दाबली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, बदल जतन करायचे का? बाईंनी ‘नाही’वर टिचकी मारली. सात पाने गेली. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “अहो, बदल कुठे केला होता मी? मी तर सगळं नवीन लिहिलं होतं!” या तर्कात मला आजही खोट काढता येत नाही. त्या आठवणी त्यांनी पुन्हा लिहिल्या नाहीत. “तशा नाही येणार आता,” एवढेच म्हणाल्या.

हा प्रश्नच मुळात विचारू नये, असे ॲलन कूपर यांनी १९९५ च्या आपल्या ‘अबाउट फेस’ या पुस्तकात मांडले होते. माणसाने लिहिले आहे, त्या अर्थी ते त्याला हवे आहे. कागदावर लिहिलेले राखायचे की पुसायचे, असे कागद विचारत नाही. आमच्या खातेवहीचाही शिरस्ता हाच होता. चुकीची नोंद खोडरबराने पुसायला सक्त मनाई. तिच्यावर एकच रेघ मारायची, आकडा खालून वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. नाहीतर उलट नोंद टाकायची. चूक दुरुस्त होई, पण काही नाहीसे होत नसे.

खिडकीच्या बटणांचा फेरविचार करायचा, तर तो इथून व्हावा असे मला वाटते. फुली डावीकडे असो वा उजवीकडे. ती शेजाऱ्यांपासून चार बोटे दूर असावी आणि जिथे आहे तिथेच राहावी, कारण हातांनी शिकलेले सत्तरीत पुन्हा शिकवता येत नाही. खरा बदल हवा तो फुलीच्या अर्थात. मिटलेली खिडकी होती तशी परत उघडता आली, तर फुली कोपऱ्यात असली काय आणि नसली काय.

हे अशक्यही नाही. ॲपलने २०११ च्या लायनमध्ये मजकूर आपोआप राखण्याची आणि मिटलेले पुन्हा जसेच्या तसे उघडण्याची सोय केली. गूगल डॉक्समध्ये जतन करण्याची कटकटच नाही. घरी क्रोम वापरत असाल आणि हवे ते पान फुलीने गेले, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबून पाहा, बहुतेक वेळा पान परत येते. ही सोय आहे, पण तिची पाटी कुठे लावलेली नाही.

आणि आपले साधे नोटपॅड. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून त्यात काही लिहून फुली दाबली, तर ते काहीच विचारत नाही. पुन्हा उघडले, की लिहिलेले सगळे समोर. नोटपॅड विंडोजबरोबर १९८५ पासून आहे. एवढे शिकायला त्याला अडतीस वर्षे लागली.