डुप्लेक्स स्टीलचे वेल्डिंग : अँपिअरइतकाच हाताचा वेग पाहा

चुंबक चिकटले की स्टील हलके, हा भंगार बाजारातला जुना हिशेब. डुप्लेक्स स्टील त्यात बसत नाही. त्याला चुंबक चिकटते, तरी ते ३०४ च्या सुमारे दुप्पट ताण सोसते आणि खाऱ्या पाण्यालाही जास्त टिकते. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत ज्या कारागीर बंधूंचा हात ३०४ वर बसला आहे, त्यांनी असा जॉब घेण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. जोड वरून चकचकीत दिसतो आणि तपासणीत नापास होतो. मग महाग पत्र्याची भरपाई मजुरीतून जाते.

नेहमीच्या २२०५ जातीत सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम व थोडा नायट्रोजन असतो. आत फेराइट व ऑस्टेनाइट जवळपास निम्मे-निम्मे. वेल्डिंगची उष्णता ही वाटणीच बिघडवते. जोड फार लवकर थंडावला तर फेराइट वाढतो. फार वेळ तापत राहिला तर सिग्मा नावाचा ठिसूळ भाग तयार होतो. ‘जितकी कमी उष्णता तितके बरे’ ही ३०४ ची सवय येथे अर्धीच कामाची.

साधारण मर्यादा मिलिमीटरला ०.५ ते २.५ किलोज्यूल. व्होल्ट, अँपिअर व ६० यांचा गुणाकार करा. हात मिनिटाला जितके मिलिमीटर चालतो त्याने भागा, मग १००० ने. २५ व्होल्ट, १२० अँपिअर, वेग १५० : उत्तर १.२. तोच हात ६० वर रेंगाळला की ३! मशीनचा काटा जागचा हललेला नाही. म्हणून घड्याळ लावा, रॉड रुंद झुलवू नका.

मुळाचा थर आर्गन वेल्डिंगने घ्यावा, पाइपात मागूनही गॅस द्यावा. नुसत्या आर्गनमध्ये जोडातला नायट्रोजन कमी होतो, म्हणून सुमारे २ टक्के नायट्रोजन मिसळलेला गॅस मिळाला तर उत्तम. जाड पत्र्याचे वरचे थर रॉडने किंवा मिगने भरता येतात. तार २२०९ जातीचीच. तिच्यात निकेल जास्त असते. तार न घालता नुसता पत्रा वितळवून जोडू नये, ३०८ तर नकोच.

आधी तापवण्याची गरज सहसा नसते. दोन थरांमध्ये मात्र जॉब १५० अंशांखाली यावा. तापमानाचा खडू लावून पाहा. खानदेशच्या मे महिन्यात याला वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा जोड घ्या. हा थांबण्याचा वेळ आणि नमुना तुकड्याच्या तपासणीचा खर्च दर देतानाच धरा.