टॉर्क लागला, म्हणून ताण आला का?

पाइपाच्या टोकाला जे जाड कडं असतं ते फ्लँज. दोन फ्लँजच्या मध्ये गॅस्केट आणि भोवती बोल्ट. आवळताना बोल्ट किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो. या ओढीनं गॅस्केट दाबून राहतं. सांधा त्याच्यावरच उभा असतो.

आता हिशोब बघा. गॅस्केटचा व्यास 500 मिलिमीटर आणि आतला दाब 20 बार धरला, तर फ्लँज विलग करू पाहणारं बलच 40 टनांच्या घरात जातं. एवढं सोसूनही गॅस्केटवर दडपण उरायला हवं. त्यासाठी एएसएमई संहितेत दोन अंक आहेत. 'वाय' सांगतो, सुरुवातीला गॅस्केट नीट बसायला किती दडपण हवं. 'एम' सांगतो, चालू स्थितीत आतल्या दाबाच्या किती पट दडपण राहावं; स्टेनलेसच्या स्पायरल-वाउंड गॅस्केटला तो 3 धरतात. दोन्ही हिशोबांत बोल्टचं जे क्षेत्रफळ जास्त येईल, ते घ्यायचं.

इथवर कागद झाला. प्रत्यक्षात आपण ताण मोजतच नाही, टॉर्क मोजतो! त्यातला साधारण निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांच्या घर्षणात. ताणाला उरतात जेमतेम 10 टक्के. आटे गंजून घर्षण दुप्पट झालं, की त्याच टॉर्कला ताण निम्म्यावर येतो. रेंच मात्र तोच आकडा दाखवतो.

आपले नैयायिक म्हणत, आग आहे म्हणून धूर असेलच, हे अनुमान सदोष आहे; लाकूड ओलं असेल तरच धूर. तो ओलेपणा म्हणजे 'उपाधी'. टॉर्कवरून ताणाचं अनुमान करताना घर्षणाची अवस्था ही तशीच उपाधी आहे.

मग करायचं काय? आटे साफ करा, ठरलेलंच वंगण लावा. एक बोल्ट आवळला की गॅस्केट दबतं आणि शेजारचा सैल पडतो. म्हणून समोरासमोरचे बोल्ट घेत 30, 70, 100 टक्के अशा टप्प्यांनी आवळा. शेवटी नट हलेनासे होईपर्यंत ओळीनं फेऱ्या मारा. जोखमीच्या सांध्याला बोल्टची लांबीतली वाढच मोजा.

कारण सांधा सुटला आणि तापलेली वाफ बाहेर आली, तर ती शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर येते. त्या वेळी रजिस्टरमधली टॉर्कची नोंद अगदी बरोबर असू शकते.